केंद्रक काढलं तरी अंडं पिकतं: योशिओ मासुई आणि बेडकाची गोष्ट

ज्यांनी हा भाग लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं शंभर वेळा येणारं 'म्हणजे कसं ना' काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट बेडकाच्या अंड्याची आहे. हसू नका. शाळेत आपण सगळ्यांनी पेशीची आकृती काढलीय. मधे एक गोल, त्याला बाण, आणि बाणाच्या टोकाला लिहायचं: केंद्रक, पेशीच्या सर्व कार्यांवर नियंत्रण ठेवते. दोन मार्कांचं उत्तर. आपण लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण १९७१ साली एका जपानी माणसानं बेडकाच्या अंडपेशीतून हे केंद्रक चक्क काढून टाकलं आणि तरीही ती पेशी 'आता पिकायचं' हा निर्णय घेते, हे दाखवलं. तो निर्णय घेणारं जे काही होतं, ते नंतर यीस्टमध्ये सापडलं, तारामाशात सापडलं, माणसातही सापडलं. आत्ता तुमच्या शरीरात जी प्रत्येक पेशी दुभंगतेय, ती त्याच यंत्रणेवर चालते. म्हणून बेडूक.

आधी 'पिकणं' म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मादी बेडकाच्या अंडाशयात अंडपेशी महिनोन्महिने वाढत राहते. झेनोपस नावाच्या आफ्रिकन बेडकात ती जवळजवळ सव्वा मिलिमीटरची होते. ही एकच पेशी आहे बरं का, आणि ती साध्या डोळ्यांनी दिसते. मोहरीच्या दाण्याएवढी, अर्धी काळपट तपकिरी, अर्धी पिवळट पांढरी. तिच्या आत केंद्रकही तसंच अवाढव्य, साधारण ०.४ मिलिमीटरचं. त्याला जर्मिनल व्हेसिकल म्हणतात. पण इतकी मोठी होऊनही ही पेशी अंडं म्हणून निरुपयोगी असते. कारण तिच्यात गुणसूत्रांचे अजून दुप्पट संच आहेत. शुक्रजंतूशी जमायचं तर ते निम्मे व्हायला हवेत. त्यासाठी एक खास विभाजन लागतं, अर्धसूत्री विभाजन, आणि आपली पेशी ते सुरू करून पहिल्याच टप्प्यात थांबून बसलेली असते. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस सुरू आहे, पण एका सिग्नलची वाट बघत ब्लॉक झालीय.

मग पावसाळा येतो, किंवा जो काही त्या बेडकाचा मोसम असेल तो. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हॉर्मोन सोडते आणि काही तासांत ही झोपलेली पेशी जागी होते. केंद्रकाचं आवरण विरघळतं. गडद अर्धगोलाच्या अगदी टोकावर एक पांढरा ठिपका उमटतो, जणू कुणी खडूनं टिंब दिलंय. गुणसूत्रं आखडतात, निम्मी एका चिमुकल्या पेशीत टाकून बाहेर फेकली जातात. मग दुसरं विभाजन सुरू होतं आणि त्याच्या मध्यावर पेशी पुन्हा थांबते. या वेळी ती शुक्रजंतूची वाट बघत असते. पहिल्या थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे अंड्याचं पिकणं.

पिट्युटरीचा संबंध कसा कळला, याचीही एक मजेदार कथा आहे. १९३० च्या सुमारास लॅन्सलॉट हॉगबेन नावाचा इंग्रज प्राणीशास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला शिकवत होता. तिथल्या डबक्यांमध्ये झेनोपस भरपूर. पिट्युटरीचा अर्क टोचला की मादी अंडी घालते, हे त्याच्या लक्षात आलं. त्यावरून पुढे कळलं की गरोदर बाईची लघवी टोचली तरी ती अंडी घालते, साधारण अर्ध्या दिवसात. झालं! जगाला गर्भचाचणी मिळाली. १९३० च्या दशकापासून पुढची सुमारे तीस वर्षं जगभरातल्या दवाखान्यांमध्ये हे बेडूक टाक्यांमध्ये पाळलेले असायचे. संध्याकाळी नमुना टोचायचा, सकाळी टाकीत अंडी दिसली की बाई गरोदर. बेडूक मरायचा नाही, काही आठवड्यांनी पुन्हा वापरता यायचा. आधीच्या चाचणीत सशाला मारून त्याचं अंडाशय तपासावं लागायचं, त्यापेक्षा हे बरंच.

त्या लघवीतला पदार्थ म्हणजे एचसीजी हॉर्मोन. आज मेडिकलमधून आणलेल्या किटवर ज्याच्यामुळे दुसरी रेष उमटते, तेच. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. आणि झेनोपस जगातल्या इतक्या लॅबमध्ये सहज मिळू लागला, तो या चाचणीमुळे. विज्ञानात कुठला प्राणी 'मॉडेल' होतो हे बरेचदा अशा व्यवहारी कारणांनी ठरतं. आमच्याकडे एखादी लायब्ररी उत्तम असते म्हणून नाही, तर आधीच सगळीकडे इन्स्टॉल झालेली असते म्हणून वापरली जाते, तसंच.

आता आपला नायक. योशिओ मासुई. जन्म १९३१, क्योटो. कोबेच्या कोनान विद्यापीठात शिकवायचा. १९६६ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठात आला, क्लेमेंट मार्केट यांच्या लॅबमध्ये. मार्केट हेही साधंसुधं प्रकरण नव्हतं. तरुणपणी स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेले. १९५४ मध्ये अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू असताना संसदेच्या समितीसमोर उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून मिशिगन विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं होतं. त्यांच्यावरच एक भाग होईल कधीतरी.

मासुईनं घेतला अमेरिकेतला ठिपकेवाला बेडूक, राना पिपियन्स. पहिला प्रश्न अगदी साधा होता: पिट्युटरीचं हॉर्मोन थेट अंडपेशीशी बोलतं का? अंडपेशीभोवती लहान पेशींचं एक वेष्टन असतं. मासुईनं ते बारीक चिमट्यानं सोलून काढलं. सोललेल्या अंडपेशीवर पिट्युटरीचा अर्क टाकला, काही झालं नाही. वेष्टनासकट टाकला, तर पिकली. म्हणजे हॉर्मोन आधी या शेजारच्या पेशींना निरोप देतं आणि त्या पुढे अंडपेशीला काहीतरी सांगतात. ते 'काहीतरी' म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं स्टेरॉइड. सोललेल्या अंडपेशीवर नुसतं प्रोजेस्टेरॉन टाकलं की ती पिकते. हे त्यानं १९६७ मध्ये छापलं. (झेनोपसमध्ये प्रत्यक्ष अंडाशयात हे काम मुख्यतः टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन करत असावीत, असा पुरावा २००१ मध्ये पुढे आला. पण लॅबमध्ये आजही प्रोजेस्टेरॉनच वापरतात.)

इथपर्यंत ठीक. पुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण तो चक्क फसला आणि फसल्यामुळेच उत्तर मिळालं. त्या काळी समज असा तयार होत होता की स्टेरॉइड हॉर्मोन पेशीत शिरतात, केंद्रकात जातात आणि जनुकं चालू करतात. बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. मग प्रोजेस्टेरॉन सुईनं थेट अंडपेशीच्या आत टोचलं, तर ती लवकर पिकायला हवी ना? पिकलीच नाही. तेच प्रोजेस्टेरॉन बाहेरच्या पाण्यात टाकलं की पिकते. म्हणजे निरोप घराच्या आत नेऊन दिला तर कुणी ऐकत नाही, दारावरची बेलच वाजवावी लागते. हॉर्मोन पेशीच्या पृष्ठभागावर काम करतं. डेनिस स्मिथ आणि रॉबर्ट एकर हे दोघे अमेरिकन याच काळात स्वतंत्रपणे याच वाटेनं चालले होते आणि त्यांनाही हेच दिसलं. श्रेय देताना त्यांची नावं बरेचदा गळतात, म्हणून मुद्दाम घेतोय.

आता विचार करा. बेल वाजते भिंतीवर. केंद्रक आहे आत. मग मधल्या पेशीद्रवात कुणीतरी निरोप्या असायलाच हवा. तो पकडायचा कसा? मासुईनं काय केलं, तर प्रोजेस्टेरॉन देऊन पिकवलेल्या अंडपेशीतून काचेच्या बारीक नळीनं थोडंसं पेशीद्रव खेचलं आणि ते दुसऱ्या, कच्च्या अंडपेशीत सोडलं. त्या दुसरीला प्रोजेस्टेरॉनचा थेंबही दिला नव्हता. ती पिकली. कच्च्या पेशीतलं द्रव कच्च्या पेशीत सोडून पाहिलं, काही झालं नाही. म्हणजे सुई टोचल्यामुळे पिकली असं म्हणायची सोय नाही. आणि मग तो केंद्रकवाला प्रयोग: अंडपेशीतून आधी केंद्रक काढून टाकलं, मग प्रोजेस्टेरॉन दिलं, आणि तिचं पेशीद्रव कच्च्या पेशीत सोडलं. तरीही ती पिकली. निरोप्या केंद्रकाच्या मदतीशिवाय तयार झाला होता.

मासुई आणि मार्केट यांचा हा पेपर १९७१ मध्ये आला. निरोप्याला त्यांनी नाव दिलं मॅच्युरेशन प्रमोटिंग फॅक्टर, थोडक्यात एमपीएफ. जीवशास्त्रात 'फॅक्टर' हा शब्द दिसला की समजायचं, वस्तू आहे हे नक्की पण ती काय आहे ते अजून हातात नाही. आपण नाही का कोडमध्ये व्हेरिएबलला टेम्प नाव देऊन पुढे जात!

पुढच्या काही वर्षांत एमपीएफचा आणखी एक विचित्र गुण दिसला. पहिल्या पेशीतलं द्रव दुसरीत सोडलं, दुसरी पिकली. दुसरीतलं तिसरीत सोडलं, तिसरी पिकली. तिसरीतलं चौथीत... परिणाम कमी होतच नव्हता. हिशोब करून बघा. समजा दर वेळी आपण विसावा भाग टाकतोय. पाच वेळा केलं की मूळ द्रव ३२ लाखांत एक भाग इतकं पातळ झालं. तरी शेवटची पेशी पहिलीसारखीच पिकते. याचा एकच अर्थ: एमपीएफ नव्या पेशीत गेलं की ते तिथेच आणखी एमपीएफ तयार करवतं. विरजणासारखं! चमचाभर दही दुधात घाला, सगळं दही होतं, त्यातला चमचाभर पुढच्या दुधाला.

त्यातही एक बारकावा होता. प्रोजेस्टेरॉननं पेशी पिकवायची तर तिला नवी प्रथिनं बनवावी लागतात, ते थांबवणारं औषध दिलं तर ती पिकत नाही. पण एमपीएफ टोचलं, तर ते औषध असतानाही झेनोपसची पेशी पिकते. हे १९७५ मध्ये वॉसरमन आणि मासुईनं दाखवलं. म्हणजे एमपीएफचा माल कच्च्या पेशीत आधीपासून भरून ठेवलेला आहे, फक्त कुलूप लावून. एमपीएफ आत येतं आणि कुलपं उघडत जातं.

मग ते शुद्ध करून बाटलीत का नाही भरलं? १९७१ ला नाव दिलं, आणि प्रत्यक्ष पदार्थ हाती लागला १९८८ मध्ये. सतरा वर्षं! कारण पेशी फोडली की एमपीएफ काही वेळात निकामी व्हायचं. कॅल्शियम आलं की संपलं. साध्या तापमानाला ठेवलं की संपलं. १९८० मध्ये माइक वू आणि जॉन गेरहार्ट यांनी ते बऱ्यापैकी शुद्ध केलं, पण पूर्ण नाही. आज कारण माहीत आहे: या सगळ्या यंत्रणेत प्रथिनांना फॉस्फेटचे गट चिकटवणं आणि काढणं चालू असतं, आणि पेशी फोडल्यावर फॉस्फेट काढणारी एन्झाइम मोकाट सुटतात. तुम्ही बग शोधायला डिबगर लावता आणि डिबगर लावल्यामुळेच बग गायब होतो, तसला त्रास.

दरम्यान दुसरीकडे काय चाललं होतं बघा. १९७० मध्ये पोटु राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी माणसाच्या पेशी एकमेकींत विलीन केल्या होत्या. (पोटु राव हे नाव ऐकून कान टवकारले ना?) विभाजन चालू असलेली पेशी आणि निवांत पेशी एकत्र केली, तर निवांत पेशीची गुणसूत्रंही घाईघाईनं आखडू लागली. तिथेही कुणीतरी निरोप्या होता. १९७९ मध्ये सुंकारा, राइट आणि राव यांनी विभाजन चालू असलेल्या मानवी पेशींचा अर्क झेनोपसच्या कच्च्या अंडपेशीत टोचला. अंडपेशी पिकली! माणसाच्या पेशीनं दिलेला निरोप बेडकाला समजला. त्याआधी १९७६ मध्ये जपानमध्ये किशिमोतो आणि कानातानी यांना तारामाशाच्या अंड्यातही असाच निरोप्या सापडला होता. आता लोकांच्या लक्षात यायला लागलं की हे फक्त अंडं पिकवण्याचं प्रकरण नाही. कुठलीही पेशी विभाजनात शिरते तेव्हा हाच दरवाजा उघडतो.

१९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर वुड्स होलला टिम हंट सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होता. काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी असतो तो. फलनानंतर अंड्यात बनणाऱ्या प्रथिनांपैकी एक प्रथिन साठत जातं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक गायब होतं, पुन्हा साठतं, पुन्हा गायब. त्यानं नाव दिलं सायक्लिन. पेशीत इतकं काटेकोर वेळापत्रक पाळून एखादं प्रथिन नष्ट केलं जातं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९८६ मध्ये शिंपल्यातल्या सायक्लिनचा आरएनए बेडकाच्या कच्च्या अंडपेशीत टोचला, तर ती पिकली. तिसरा धागा एडिनबराचा. तिथे १९७० च्या दशकात पॉल नर्स यीस्टवर काम करत होता. अशी यीस्ट शोधायची जी वाढ पुरी होण्याआधीच दुभंगते आणि म्हणून बुटकी राहते. अशा एका जनुकाला नाव मिळालं वी, म्हणजे स्कॉटिश बोलीत 'चिमुकलं'. त्यातून त्याला सापडलं सीडीसी-२ हे जनुक, विभाजनाचा मुख्य खटका.

१९८८ मध्ये कोलोरॅडोत मॅनफ्रेड लोहका, मारियान हेज आणि जेम्स मॅलर यांनी झेनोपसच्या अंड्यांमधून एमपीएफ शेवटी शुद्ध केलं. हा लोहका मासुईचाच विद्यार्थी. मासुई १९६९ पासून टोरंटोत होता, आणि तिथे दोघांनी १९८३ मध्ये परीक्षानळीत, पेशीशिवाय, फक्त बेडकाच्या अंड्यातल्या द्रवात शुक्रजंतूच्या केंद्रकाकडून विभाजनाची तयारी करून घेतली होती. ती पद्धत नसती तर एमपीएफ पकडायला कदाचित आणखी दहा वर्षं लागली असती. तर एमपीएफमध्ये निघाली दोन प्रथिनं. त्याच वर्षी कळलं की त्यातलं लहान प्रथिन म्हणजे नर्सच्या सीडीसी-२ चं बेडकातलं रूप. आणि थोड्याच काळात कळलं की मोठं प्रथिन म्हणजे सायक्लिन. बेडूकवाले, यीस्टवाले आणि सी अर्चिनवाले वेगवेगळ्या गल्ल्यांतून येऊन एकाच चौकात भेटले.

१९९८ चं लास्कर पारितोषिक मिळालं हार्टवेल, मासुई आणि नर्स यांना. २००१ चं नोबेल मिळालं हार्टवेल, हंट आणि नर्स यांना. लेलंड हार्टवेलनंही यीस्टमध्ये या विषयाचा पाया घातला होता, त्याच्याबद्दल कुणाचा वाद नाही. हंटचं सायक्लिनही खरोखर मोठं. तीनच जणांना द्यायचं हा नियम आहे. पण एमपीएफ ही कल्पनाच ज्यानं मांडली, ज्याच्या सुईमुळे हा प्रश्न विचारता आला, तो यादीत नाही, हे मला पटत नाही. प्रश्न नीट मांडणाऱ्याला उत्तर पूर्ण करणाऱ्यापेक्षा कमी भाव मिळतो. आमच्या क्षेत्रातही असंच चालतं, आणि मला तिथेही ते खटकतं.

आता आतली वायरिंग थोडी उघडून बघू. कच्च्या अंडपेशीत सीडीसी-२ आणि सायक्लिन यांची जोडी आधीच बनलेली असते, पण मिट-१ नावाचं एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवून गप्प ठेवतं. हेच ते कुलूप. किल्लीचं नाव सीडीसी-२५, ते फॉस्फेट काढून टाकतं. प्रोजेस्टेरॉनची बेल वाजते तेव्हा पेशीतलं सीएएमपी नावाच्या रेणूचं प्रमाण घटतं. सीएएमपीच्या जोरावर चालणारं एक एन्झाइम पेशीला झोपवून ठेवत असतं, ते ढिलं पडतं. मग पेशीत साठवून ठेवलेला, पण वाचला न जाणारा एक आरएनए वाचला जाऊ लागतो, आणि त्यातून मॉस नावाचं प्रथिन बनतं. इथेच ती 'नवी प्रथिनं लागतात' वाली अट लागू होते. मॉस पुढच्याला जागं करतं, तो त्याच्या पुढच्याला, आणि ही साखळी शेवटी मिट-१ ला दाबते. सीडीसी-२५ चं पारडं जड होतं. थोडं एमपीएफ जागं झालं की ते स्वतः आणखी सीडीसी-२५ चालू करतं आणि मिट-१ बंद करतं. साखळीचं टोक वळून मॉसलाही बळ देतं. मासुईच्या विरजणाचा अर्थ हा असा उलगडला.

विरजणाचा आणखी एक परिणाम आहे, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर खूश होतो. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला जेम्स फेरेल आणि एरिक मॅक्लेडर यांनी बेडकाच्या अंडपेशींना प्रोजेस्टेरॉनचे वेगवेगळे डोस दिले. शेकडो अंडपेशी एकत्र वाटून मोजलं तर प्रतिसाद छान हळूहळू चढताना दिसतो. पण एकेक अंडपेशी वेगळी मोजली, तेव्हा दिसलं की कुठलीच पेशी 'अर्धी' चालू नसते. एकतर पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू. डोस वाढला की चालू झालेल्या पेशींची संख्या वाढते, एकेका पेशीचा चालूपणा नाही. सरासरीनं आपल्याला कसं फसवलं बघा! डॅशबोर्डवर फक्त ॲव्हरेज बघणाऱ्यांनी हा पेपर भिंतीवर लावावा. २००३ मध्ये फेरेलच्याच लॅबनं दाखवलं की एकदा पेशी पलटली की प्रोजेस्टेरॉन धुऊन काढलं तरी ती मागे येत नाही. पण ते वळून येणारं टोक तोडलं, की ती परत कच्ची होऊ शकते. म्हणजे पेशी लक्षात ठेवते, तेही कुठे लिहून न ठेवता. आम्ही याला लॅच म्हणतो.

हा भाग मी का केला तेही सांगतो. माझ्या ताईच्या आयव्हीएफचा रिपोर्ट गेल्या वर्षी तिनं मला व्हॉट्सॲपवर पाठवला. तू कॉम्प्युटरवाला, तुला कळेल, असं म्हणून. त्यावर होतं: अंडी १४, एम-टू ९, एम-वन २, जीव्ही ३. मला काहीही कळलं नाही. मग वाचायला लागलो. जीव्ही म्हणजे जर्मिनल व्हेसिकल, बेडकाच्या कच्च्या अंडपेशीतलं तेच अवाढव्य केंद्रक. ज्या अंड्यात ते अजून दिसतंय, ती पहिल्याच थांब्यावर आहे. एम-वन वाटेत आहे. एम-टू म्हणजे दुसऱ्या थांब्यावर पोचलेली, पिकलेली. आणि अंडी काढायच्या साधारण ३६ तास आधी तिला जे 'ट्रिगर' इंजेक्शन दिलं होतं ते एचसीजीचं होतं. हॉगबेनच्या बेडकाला ज्याच्यामुळे अंडी घालावी लागली, तेच. माणसात बेल वेगळी आहे, तिथे प्रोजेस्टेरॉनऐवजी दुसरी रसायनं सीएएमपी खाली आणतात. पण त्यापुढे खटका तोच, सीडीसी-२ आणि सायक्लिन. आणि तिची ती अंडी पहिल्या थांब्यावर थांबली होती ती तिच्या जन्माच्याही आधीपासून. ताई ३४ वर्षांची आहे.

ताईला त्या पाच अंड्यांनी झोपू दिलं नव्हतं. घरात कुणी पपईचं नाव घेतलं, कुणी रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसण्याचं. 'मी काय चुकीचं केलं' हा प्रश्न तिनं मला तीन वेळा विचारला. मी डॉक्टर नाही, उपचारांबद्दल मी तिला काही सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. फक्त फेरेलचा तो आलेख दाखवला. एकाच भांड्यातल्या, एकाच बेडकाच्या, एकाच डोसच्या अंडपेशी. काही पलटल्या, काही नाही. कुणी पपई खाल्ली नव्हती. ती बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसली, मग म्हणाली, "हा बेडूकवाला आधी का नाही दाखवलास?"

एक धागा राहिला. दुसरा थांबा. पिकलेलं अंडं मध्यावर थांबतं कसं? १९७१ च्या त्याच पेपरमध्ये मासुई आणि मार्केटनं याचंही उत्तर अर्धं देऊन ठेवलं होतं. पिकलेल्या, न फळलेल्या अंड्यातलं द्रव त्यांनी दोन पेशींच्या गर्भातल्या एकाच पेशीत टोचलं. दुसरी पेशी बिनधास्त दुभंगत राहिली, तिच्यापासून शेकडो पेशी झाल्या. टोचलेली मात्र विभाजनाच्या मध्यावर जिथल्या तिथे गोठली. अर्धा गर्भ बारीक रव्यासारखा आणि अर्धा एकच मोठा गोळा. या थांबवणाऱ्याला नाव मिळालं सायटोस्टॅटिक फॅक्टर, सीएसएफ. पुन्हा फॅक्टर!

१९८९ मध्ये नोरियुकी सागाता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यात मुख्य हात मॉसचा आहे. तेच मॉस, जे पिकणं सुरू करतं. गंमत अशी की मॉस तोपर्यंत ओळखलं जायचं ते उंदरांत कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूतलं जनुक म्हणून. भलत्या पेशीत, भलत्या वेळी चालू झालं की कॅन्सर. अंड्यात, योग्य वेळी, तेच ब्रेक लावतं. तरीही एक दुवा कमी होता: मॉस ब्रेक दाबतं, पण ब्रेकचं पॅड कुठलं? ते मिळालं २००५ मध्ये, ईएमआय-२ नावाचं प्रथिन. सायक्लिन नष्ट करणाऱ्या यंत्राला ते धरून ठेवतं. सायक्लिन नष्ट होत नाही, म्हणून एमपीएफ चढंच राहतं, म्हणून अंडं मध्यावर अडकून राहतं. १९७१ ते २००५, चौतीस वर्षं.

आणि शुक्रजंतू आत शिरतो तेव्हा अंड्यात कॅल्शियमची एक लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती ईएमआय-२ ला नष्ट करवते. यंत्र मोकळं सुटतं, सायक्लिन कापलं जातं, एमपीएफ कोसळतं, आणि अर्धवट राहिलेलं दुसरं विभाजन पुरं होतं. मासुईच्या काळी पेशी फोडल्यावर एमपीएफ ज्या कॅल्शियममुळे हातातून निसटत होतं, तेच कॅल्शियम इथे आपलं नेमून दिलेलं काम करत असतं.

पुढच्या भागात मार्केट आणि १९५४ चं मिशिगन. तोपर्यंत प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत, प्लीज.